नमुन्याचा पलंग

“आधी माणूस आडवा होऊ दे, मग लाकडाला हात लाव.”

बाप जाऊन वीस वर्षं झाली, तरी सुताराच्या कानात त्याचा आवाज होता तसाच होता, करवतीसारखा खरखरीत. पलंग सांगायला कुणी आलं की बाप त्याला आधी जमिनीवर निजवायचा. डोक्याशी खडूची एक रेघ, टाचेशी एक. वर चार बोटं सुखाची. मगच करवत उचलायची. सुताराची पोर तेव्हा एवढीशी. तीही धावत यायची, भुशात आडवी व्हायची. “आजोबा, मलापण मोजा.”

आज तीच पोर त्याच्यापुढे नमुन्याच्या फ्लॅटमधून भिरभिरत होती. “चला बाबा, एक गंमत दाखवते,” एवढंच म्हणून तिनं त्याला आणि नवऱ्याला घराबाहेर काढलं होतं. ती या फाटकातून आत वळली, तेव्हाच सुतारानं इमारत ओळखली होती.

“बघा ना, पलंग ठेवूनही केवढी जागा उरते. इथं पाळणा. तिथं खिडकीशी तुमची खुर्ची.” तिनं पोटावरचा पदर सारखा केला. “एका खोलीत मधे पडदा लावून राहणं आता पुरे झालं.”

तीन वर्षं ती घरं बघत होती. शहर चहूकडून वाढत होतं, रोज एक नवी इमारत मान वर काढत होती. पण जिथं चार माणसं मावतील तिथं भाव हाताला लागत नव्हता, आणि जिथं भाव हाताला लागत होता तिथं घर मुठीएवढं. दोन्ही जमेल असं हे एकच सापडलं होतं.

“ताई, या मजल्यावर एवढंच शिल्लक आहे,” फ्लॅट दाखवणारी मुलगी म्हणाली. “सोमवारपासून भाव वाढतोय. सही आजच झाली तर बरं.”

जावयानं खिशातून पेन काढलं.

दोन महिन्यांपूर्वी याच खोलीत इमारत बांधणारा साहेब सुताराला म्हणाला होता, “काका, सगळं बारा आणे मापाचं करा. पलंग, कपाट, टेबल. बघणाऱ्याला सोळा आणे वाटलं पाहिजे. आणि तोंडाला कुलूप. पुढच्या चारही इमारतींचं काम तुमचंच.” सुतारानं केलं होतं. हात अडखळला नव्हता. घर कोण घेणार, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

“बाबा, गप्प का?” जावई हसून म्हणाला. “दुसऱ्या सुताराचं काम पसंत पडत नाही वाटतं?”

सुतार पलंगाच्या उशाशी गेला. कडेवरून एकदा अंगठा फिरवला. मग गुडघे टेकून खाली बसला आणि खिशातला खडू काढला.

“जावईबापू, पेन राहू द्या जरा. इथं फरशीवर आडवे व्हा, पलंगाला लागून.”

“अहो बाबा, इथं काय?” पोर लाजली. “लोक काय म्हणतील?”

पण जावयाला सासऱ्याच्या तऱ्हा माहीत होत्या. तो हसत हसत आडवा झाला. सुतारानं त्याचं डोकं उशाच्या फळीशी नीट जुळवलं, तिथं रेघ ओढली. मग रांगत टाचेशी गेला आणि दुसरी ओढली. पलंग केव्हाच संपला होता. रेघ त्याच्या पुढे वीतभर, कपाटाकडे जायच्या वाटेत.

“काका, फरशीवर खडू नका ना,” ती मुलगी कुजबुजली.

पोरीचं हसू विरलं. तिनं रेघेकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, मग बापाच्या पांढऱ्या झालेल्या बोटांकडे.

“पलंग माझ्याच हातचा आहे, बाळा,” सुतार म्हणाला. “माणूस न मोजता केलेला.”