जर्सी
कॅनडातला तो फुटबॉल क्लब बंद पडला, तसा त्याचा गोलकीपर, मूळचा वसईचा आल्फ्रेड, बायको विनिफ्रेडला घेऊन सिडनीत टूनगॅबीला आला. आता तिकडे क्लबच्या इतिहासाचं दालन उभं राहत होतं. तिथल्या बाईंचा फोन आला, "शेवटच्या सामन्याची जर्सी तुमच्याकडेच असेल. द्याल?" शिफ्टवरून दमून आलेल्या आल्फ्रेडमध्ये नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. "पाठवतो," तो म्हणाला. मुलगी शेरिल खोका घेऊन आली. "डॅड, इट्स हिस्टरी!" आल्फ्रेडने कपाटातून जर्सी काढली. केमोनंतर विनिफ्रेडला सतत थंडी वाजायची. शेवटचे महिने ती हीच घालून झोपायची. कॉलरला अजून तिच्या बामचा वास होता. पत्ता सांगायला बाईंचा पुन्हा फोन आला. "मांडण्याआधी आम्ही धुऊन घेऊ," त्या म्हणाल्या. "मग राहू द्या," आल्फ्रेड म्हणाला. फोन ठेवून त्याने खोका शेरिलकडे सरकवला आणि जर्सी छातीशी धरून आडवा झाला.