जुनी ओळ

‘त्या ओळीला हात लावू नकोस, असं मी सांगितलं होतं,’ मास्तर म्हणाले.

हात लावून तीन दिवस झाले होते. तिने खुर्ची त्यांच्याकडे फिरवली. ‘मास्तर, चाचणीत दोनशे चिठ्ठ्या काढल्या. एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही.’

मास्तर म्हणजे इस्पितळाच्या संगणक खोलीतले सर्वांत जुने प्रोग्रामर. शुक्रवारी निवृत्त होणार होते. सलाईनच्या पंपाचा वेग चिठ्ठीवर छापणारा त्यांचा आरपीजी या जुन्या संगणकभाषेतला प्रोग्राम ती नव्या पद्धतीने लिहून काढत होती. जुनी आज्ञा ‘मूव्ह’. महा आळशी बया. हळू सलाईनचा दोन आकडी वेग तीन खणांच्या चौकटीत टाकायचा, तर ही उजवे दोन खण भरणार आणि डाव्यात आधीचं काय पडलंय ते ढुंकूनही बघणार नाही. नवी ‘ईव्हल’ सगळी चौकट बदलून टाकते, मागचं काही उरू देत नाही.

मूव्हच्या आळसापायी मास्तरांनी पार वर, चाळीस ओळी आधी, दर रुग्णागणिक चौकटीत शून्य भरणारी ओळ घातली होती. ईव्हल आल्यावर तिचं काय काम? पहिल्याच दिवशी तिने ती उडवली. घरातला केर काढल्यासारखं बरं वाटलं होतं.

‘वीस वर्षांत एक चिठ्ठी चुकली नाही,’ मास्तर म्हणाले. ‘तुझी ईव्हल तीन दिवसांची.’ चष्मा पुसत ते खिडकीशी गेले. ‘आई दाखल झालीय ना आज? कितवी खाट?’

‘चौदा.’

‘म्हणजे तिच्या वॉर्डाची आज चार वाजताची चिठ्ठी नव्या प्रोग्रामची. पहिलीच.’

एवढंच बोलले.

दुपारी ती वॉर्डात गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंशी आईची गट्टी जमली होती.

‘ह्यांना ताशी एकशे वीस, मला चाळीस,’ आई म्हणाली. ‘म्हणजे बघ, ह्यांच्यापुढे मी धडधाकट.’

तेरा नंबरच्या बाई हसल्या. तीही हसली. पण बाहेर डॉक्टरांनी तिला गाठलं. ‘हृदय फार थकलंय. पाणी चाळीसच्या वर झेपणार नाही. फुप्फुसात भरलं, तर मग आपल्या हातात काही राहत नाही.’

‘पंपावरचा आकडा कोण तपासतं?’ तिने सिस्टरला विचारलं.

‘चिठ्ठीवर असतो तोच घालतो. चिठ्ठी कधी चुकलेली नाही हो.’

ती परतली तेव्हा साडेतीन झाले होते. आपलं काम बरोबर आहे हे तिला ठाऊक होतं. तरी खुर्चीत न बसताच तिने विचारलं.

‘मास्तर, तुम्हाला नक्की भीती कशाची वाटते?’

‘भीती कसली? पण माझी आई असती, तर मी तिच्यावर प्रयोग केला नसता.’

तिने ईव्हल खोडली. त्याच जागी मूव्हची तेवढी एक ओळ जशीच्या तशी परत लिहिली. मास्तरांनी मागून वाकून ओळ वाचली आणि मान डोलावली. ‘आता कसं.’

‘एकदा चाचणी घेऊ?’

‘वीस वर्षं चाललेल्या ओळीची कसली चाचणी?’

तेही खरंच होतं. उगाच ताकसुद्धा फुंकून पीत बसायचं म्हणजे जरा अतीच, असं म्हणून तिने प्रोग्राम चारच्या छपाईला लावला आणि आपला संगणक बंद केला.

चार वाजता ती आईच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होती. सिस्टर चिठ्ठ्या घेऊन आली. आधी तेरा नंबर, मग चौदा. पंपाची बटणं वाजली, आणि चिठ्ठी खाटेच्या पायथ्याशी अडकवून सिस्टर पुढच्या खोलीत गेली.

‘तू सकाळपासून अशी का दिसतेयस?’ आईने विचारलं.

‘काही नाही गं. एक काम होतं. निस्तरलं.’

‘मग हस की जरा.’

ती हसली. दिवसभरात पहिल्यांदा मनापासून. वेणी घालून होईतो आईचा डोळा लागला होता. फणी हळूच कपाटात ठेवून ती पांघरूण सारखं करायला पायथ्याशी गेली.

चिठ्ठीवर छापलं होतं: खाट १४, ताशी १४०.