मधलं नाव

सौदीकरणात आपली नोकरी कुठल्या सौदीला जाते, या धास्तीने मोहियुद्दीनची दाढी अकाली पिकली होती. तरी कोकणी आडनावांवरचा बायकोचा निबंध ऐकायला तो हौसेने रियाधच्या परिषदेला गेला.

टाळ्या थांबल्या तसे परिषदेचे सौदी अध्यक्ष, म्हणजे नावांचे गाढे अभ्यासक, थेट त्याच्याकडे आले. "तिच्या कार्डावर 'अरवा मोहियुद्दीन परकार' लिहिलंय. मोहियुद्दीन तुम्हीच ना?"

"हो, मीच!" त्याची छाती फुगली.

"वाटलंच. आमच्याकडेही लेकीच्या नावापुढे बापाचंच नाव लागतं." अध्यक्षांनी अदबीने त्याचा हात हातात घेतला. "माझ्या मुलासाठी तुमची अरवा मागायला आलोय."

 

"अरवा, चल घरी!" मोहियुद्दीन ओरडला. "नोकरीचं मरू दे, इथे बायकोचंच सौदीकरण चाललंय!"