खिडकीतून आलेला सांता

“सांता मुळात बिशप होता. आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा, नाव निकोलस. त्याला ढेरी नव्हती,” असे म्हणत लान्सी पोटावर उशी बांधत होता.

“डॅडी, प्लीज. नो हिस्ट्री.” बारा वर्षांची हॅझेल बापाला दाढी चिकटवत होती.

“तीन गरीब बहिणींच्या घरात त्याने खिडकीतून सोने टाकले आणि तोंड न दाखवता निघून गेला, अशी कथा आहे. कुठे तो, आणि कुठे हा नावे पुकारणारा विदूषक!”

“यल्ला डॅडी, किड्स आर वेटिंग.”

आखातातल्या अमवाज नावाच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये वसईकर मंडळाचा रिवाज पक्का होता. आईबाप आपापल्या मुलाची भेट नावाची चिठ्ठी लावून आदल्या दिवशी गुपचूप आणून देत; सांता ती पोत्यातून काढून नाव पुकारी. हे सर्वांना इतके ठाऊक होते, की शिवदासला सांगायचे कोणाला सुचलेच नाही. शिवदास मंडळाच्या बसचा चालक. त्याची सात वर्षांची लक्ष्मी चिपळूणहून पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर आली होती. “मुलीला घेऊन या हं,” एवढे मात्र प्रत्येकाने त्याला बजावले होते.

प्रत्येक नावाला लक्ष्मी ताठ बसे.

“बाबा, त्याला माजं नाव ठावं हाय ना?”

“असंल गो बाय. सांता हाय तो.”

पुढच्या रांगेत रॉनीने आपली भेट उघडून नाक मुरडले. “दोन दुकानं फिरून आणलं मी, आणि याचं तोंड बघा!” त्याची आई पुटपुटली. शिवदासला सगळे उमगले. त्याचा हात मुलीच्या खांद्यावर गेला.

पोत्यात एकच पुडके उरले. निळा कागद हॅझेलनेच निवडलेला, चिठ्ठीवरचे अक्षर लान्सीचे. लक्ष्मीच्या खांद्यावरच्या शिवदासच्या हाताकडे पाहून तो थबकला. परंतु चिठ्ठीवर नसलेले नाव वाचणे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि आपल्या मुलीची भेट तिला न विचारता दुसऱ्या कोणाला देणे त्याच्या अधिकारात नव्हते.

“हॅझेल,” त्याने पुकारले.

हॅझेल पुढे आली. तिने रिकाम्या पोत्यात डोकावले, मग लक्ष्मीकडे पाहिले. आणि पुडके काखेत मारून ती सरळ दाराबाहेर निघून गेली.

“झालं, संपलं,” लक्ष्मी म्हणाली.

तोच मागच्या उघड्या खिडकीतून निळे पुडके तिच्या मांडीवर येऊन पडले. चिठ्ठीच्या जागी कागद फाटला होता. खिडकीत कोणीही नव्हते.

लक्ष्मी पुडके छातीशी धरून सांतापुढे उभी राहिली. “तू तर हितंच व्हतास. मग ह्ये टाकलान कुनी?”

लान्सीने टोपी सारखी केली.

“खरा सांता तो,” खिडकीकडे बोट दाखवून तो ठासून म्हणाला. “हे कपडेसुद्धा त्याचे नव्हेत.”

दारात हॅझेल बुटांतली वाळू झटकत होती.