हद्दीचा दगड

मोजणीवाल्यानं टेप गुंडाळली, जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि सरळ सांगून टाकलं, की अयुबच्या दोन्ही खोल्या अयुबच्या प्लॉटवर नाहीतच. त्याचा सात नंबर मोकळा पडला होता. खोल्या उभ्या होत्या शेजारच्या आठ नंबरवर.

त्याच्या बायकोनं, अकिलानं, हातातली चहाची किटली खाली ठेवली.

रांजणगावला एमआयडीसी आली तशी बाहेरून आलेल्या कामगारांना राहायला जागा मिळेना, आणि इथं दोन खोल्या काढायचं खूळ तिच्याच डोक्यातलं होतं. नवरा गवंडी. बँकेनं पगाराची चिठ्ठी मागितली. गवंड्याला कोण चिठ्ठी देतो? शेवटी जमीनमालक हौसराव आबांनी नुसत्या इसारावर जागेत पाय ठेवू दिला, भट्टीवाल्यानं मजुरीच्या बदली तुटक्या-फुटक्या विटा दिल्या, आणि दर रविवारी तळेगाव ढमढेऱ्याहून येऊन दोघांनी भिंती चढवल्या. आता तिथं बिहारची पाच माणसं राहत होती. त्यांच्या भाड्यावरच आबांचे हप्ते चालले होते. खोल्या पाडल्या तर भाडं बंद, आणि भाडं बंद झालं की जागाही हातची जाणार, हे अकिलाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मिस्त्री, तुमाला मी चौकोनी दगड सांगितला व्हता," हौसराव आबा म्हणाले. "त्या दगडापासनं तीस फूट तुमची, आसं म्हनलं व्हतं का न्हाई?"

"दगडापासनंच मोजलंय, आबा. तीन येळा."

अयुब खोटं बोलत नव्हता. मापात चुकणं त्याला जमायचंच नाही. त्यानं लिंबाच्या झाडाखाली बोट दाखवलं. तिथं चौकोनी घडीव दगड होता, शेंदूर फासलेला, पुढ्यात नारळाच्या करवंट्या. मोजणीवाला उकिडवा बसून तो दगड बघत राहिला. दगड हद्दीचाच होता, यात त्याला शंका नव्हती. पण नकाशाप्रमाणं तो अलीकडं, अगदी तीस फूट अलीकडं हवा होता. तिथं शोधलं तर खड्डाही सापडला. आता दगड काही आपल्या पायानं चालत जात नाही, असं पुटपुटत त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

आठ नंबर घेतलेल्या मुक्ताबाई कवठे येमाईहून मोजणीसाठीच आल्या होत्या. सकाळपासून त्या जीपच्या सावलीत बसून होत्या. आता उठल्या, दोन्ही खोल्यांना वळसा घातला, भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिलं. त्यांचं प्रत्येक पाऊल अकिलाच्या काळजावर पडत होतं. न राहवून ती त्यांच्या मागं गेली. भाड्यातलं अर्धं घ्या, सगळं घ्या, पण खोल्या पाडायला लावू नका, असं काहीबाही बोलून गेली. मुक्ताबाई लिंबाखाली गेल्या, डोक्यावर पदर घेतला आणि शेंदराच्या दगडाला हात जोडून उभ्या राहिल्या.

मग मागं न वळताच म्हणाल्या, "आबा, ह्यो दगड म्या आनलाय हितं."

गेल्या साली, अयुबच्या भिंती चढायच्या आधी, इसार दिला त्या दिवशी त्या नारळ घेऊन आल्या होत्या. नवी जागा म्हटल्यावर राखणदार बसवायला हवा. आसपास सगळे वेडेवाकडे धोंडे, आणि हा एकच कसा चौरस, देखणा, अर्धा मातीत रुतलेला. भाच्याकडून पहारीनं उपटून घेतला, शेंदूर लावला. देवाला उन्हात कसं ठेवायचं, म्हणून लिंबाखाली आणून बसवला. एवढंच.

हौसराव आबांनी कपाळाला हात लावला. मोजणीवाल्यानं हसू लपवायला नकाशा तोंडापुढं धरला आणि मग कामाचं बोलला, की दगड उचलून जुन्या खड्ड्यात ठेवू, खोल्यांचं काय ते तुम्ही आपसात मिटवा.

"देवाला हात लावू नका," मुक्ताबाई म्हणाल्या. "मला सात नंबर द्या, आठ ह्यास्नी द्या. मी देव हालवला, त्यात ह्यांची मानसं कशापायी हालवायची?"

आबांनी विचार केला. प्लॉट सारख्याच मापाचे, खरेदीखत दोघांचंही अजून व्हायचं. कागदावर फक्त आकड्यांची अदलाबदल. शिवाय लिंब साताच्या हद्दीत येत होता, म्हणजे देव आणि सावली दोन्ही मुक्ताबाईंकडं. त्यांनी मान डोलावली. अकिला ओढणीत तोंड खुपसून रडली, आणि रडता रडताच तिला हसू फुटलं. सकाळपासून पोटात काही नाही, हे तिला आत्ता आठवलं.

मोजणीवाल्यानं जुन्या खड्ड्यात दुसरा दगड पुरायला घेतला. लिंबाखालचा दगडही आता नेमका साताच्या आणि आठाच्या हद्दीवरच ठरला होता.

गार झालेला चहा अकिलानं पुन्हा तापवून आणला. पेला घेऊन मुक्ताबाई लिंबाखाली टेकल्या आणि त्यांनी अयुबला हाक मारली.

"मिस्त्री, शिमिट हाय का थोडं?"

होतं. अर्धं घमेलं माल कालवून अयुब आला. चपला लांब काढून ठेवल्या, दगडाच्या चारी बाजूंनी माल भरला, थापीनं दाबला आणि सवयीनं वर लेव्हल ठेवून पाहिली.

"पक्का बसव, बाबा," मुक्ताबाई म्हणाल्या. "न्हाईतर पावसाळ्यात लिंबाखाली गळाया लागलं, की परत माझ्याच मनात यायचं, देव हालवावा म्हून."