पहिल्या रांगेतली खुर्ची

त्या शनिवारी सिनेमा पाहून एकाचं मन पालटलं. पण हे तूर्त विसरून जावं. असं काही घडलंच नाही असं धरून चालू. पाळक येनही तसंच धरून चालले होते.

तर शनिवारी दुपारी चार वाजता येन देवळासमोरच्या चौकात लाल प्लॅस्टिकची स्टुलं मांडत होते. चाळीस स्टुलं, प्रत्येकावर एक कार्ड. ‘मला प्रभूविषयी अधिक जाणून घ्यायचे आहे.’ खाली नाव, वय, पत्ता आणि ‘बाप्तिस्म्याची इच्छा आहे / नाही’. एकोणीस वर्षं ते कालवं पिकवणाऱ्या या गावात मंडळी सांभाळत होते. मंडळीत अकरा माणसं. त्यांतल्या चौघांना ऐकू येत नव्हतं, आणि प्रवचनं त्यांनाच जास्त आवडायची.

वरच्या कचेरीचं पत्र येऊन पडलं होतं. वर्षअखेरीपर्यंत निदान एक बाप्तिस्मा व्हावा. अन्यथा मंडळी शेजारच्या गावात विलीन करून दाराला कुलूप लावावं. ‘एक’ या शब्दाखाली रेघ मारलेली होती.

“एकच तर मागतायत,” त्यांची बायको बाओ-चू म्हणाली.

“सहा वर्षांपूर्वी दिला होता की एक,” येन म्हणाले. “तो ताइचुंग शहरात निघून गेला.”

चर्चला अंगण नव्हतं, म्हणून प्रभूवरचा सिनेमा दाखवायला देवळाचा चौक मागावा लागला. देवस्थान समितीचे अध्यक्ष त्साई यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “देवाला विचारतो,” म्हणाले, आणि देवळातल्या भूमिदेवापुढे कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी आणि एक पालथी पडली की होकार. तीनदा टाकल्या, तीनदा होकार.

“माझ्या पोरीच्या लग्नाला एवढा राजी नव्हता,” त्साई जरा दुखावून म्हणाले. “नंतर जावई बघितला तेव्हा कळलं का ते.”

पडदा लावायला सिनेमावाला आ-थोक टेम्पो घेऊन आला. देवांच्या वाढदिवसाला देवळांपुढे सिनेमे दाखवण्यात त्याची हयात गेली होती. त्याने पडदा देवळाच्या दाराकडे तोंड करून बांधला, दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली, आणि पहिल्या रांगेच्या मधलं स्टूल उचलून तिथे हात असलेली खुर्ची ठेवली.

“आ-थोकदादा, पडदा जरा लोकांकडे वळवा की.”

“चाळीस वर्षं असाच लावतोय, पाळकसाहेब. लोकांना माना आहेत. वळतात त्या.”

वाद घालण्याइतकं बळ येन यांच्यात उरलं नव्हतं. उचललेल्या स्टुलावरचं कार्ड त्यांनी खुर्चीवर ठेवलं.

सात वाजता सिनेमा सुरू झाला. लोक आले, कारण कोपऱ्यावर सॉसेज भाजले जात होते. पहिल्या रांगेत कुणीच बसलं नाही. येन यांना त्याचं काही वाटलं नाही. चर्चमध्येही पहिली रांग रिकामीच असायची.

“पाच हजारांना जेवू घातलं,” आ-हान आजी पडद्याकडे सॉसेजची काडी रोखून म्हणाल्या, “पण स्वतः काही खाल्लं का याने? हाडं बघा जरा!”

तासाभरात निम्मे लोक उठले. प्रभूला खिळे ठोकले तेव्हा तिघे उरले होते, त्यांतले दोघे झोपले होते. आ-हान आजी मात्र पदराच्या टोकाने डोळे पुसावेत तसे टोपीने पुसत होत्या.

“त्याच्या आईला घरी न्या रे कुणीतरी!”

येन हळूच त्यांच्याजवळ जाऊन बसले. “आजी, कार्ड भरायचं?”

“भर की. पण मग घरातल्या पूर्वजांच्या पाटीपुढे सासूबाईंना भात कोण ठेवणार? जिवंत होत्या तेव्हा मी उपाशी ठेवते म्हणून गावभर सांगायच्या. आता तिकडे वर सांगत बसतील.”

येन यांनी कार्ड परत घेतलं.

सिनेमा संपल्यावर त्यांनी आणि बाओ-चूने कार्डं गोळा केली. मोजली तर एकोणचाळीस, सगळी कोरी, दोन कार्डांवर तेल.

“एक उडालं असेल,” बाओ-चू म्हणाली.

घरी येऊन तिने पाय कोमट पाण्यात सोडले. येन यांनी कचेरीच्या पत्राचं उत्तर लिहून ठेवलं. ‘या वर्षीचे बाप्तिस्मे: शून्य.’ मग त्याची घडी करून कोटाच्या खिशात घातली.

रविवारी उपासना आटोपल्यावर अध्यक्ष त्साई चर्चच्या दारात उभे राहिले. अंगात सणासुदीचा कोट, डोळे तारवटलेले. चहा नको म्हणाले. बसलेही नाहीत.

“पाळकसाहेब, आपले संबंध चांगले होते.”

“झालं काय?”

“सगळ्या समितीने समजावून पाहिलं. ऐकायलाच तयार नाही. इतकी वर्षं आपल्यात राहून एका सिनेमाने हे!”

“म्हणजे...” येन एक पाऊल पुढे आले. “आहे कुणीतरी?”

त्साई यांनी दोन्ही हातांनी एक पाकीट पुढे केलं आणि मागे न बघता निघून गेले.

पाकिटात हरवलेलं कार्ड होतं. ‘इच्छा आहे’वर ठळक खूण. येन मटकन पहिल्या रांगेतल्या बाकावर बसले. त्या बाकावर कित्येक वर्षांत प्रथमच कुणी बसत होतं. बाओ-चू रडू लागली. येन यांनी खिशातलं उत्तर काढलं, ‘शून्य’ खोडलं, मोठ्या अक्षरांत ‘एक’ लिहिलं, आणि मग सोबतचं शिक्का मारलेलं पत्र उघडलं.

‘महोदय, राखीव खुर्चीतून पाहिलेल्या चित्रपटाबद्दल नेहमीप्रमाणे अभिप्राय विचारला असता, आमच्या देवस्थानचे भूमिदेव (वय २८२) यांनी बाप्तिस्म्याचा आग्रह धरला आहे. समितीने नऊ वेळा कौल लावला. नऊही वेळा होकार आला. शेजारी बसणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवतींना हे मान्य नाही, याची नोंद घ्यावी. अर्जदार कापराच्या लाकडाचे असून अंगावर सोन्याचा वर्ख आहे. सबब त्यांना पाण्यात बुडवू नये, केवळ शिंपडावे, ही नम्र विनंती.’