चार हात

गुरिकारांनी चष्मा पुसला आणि चित्रातल्या होडीवर वीत टेकवली.

"हात लावू नका, अण्णा," जलजा म्हणाली.

"लावत नाही. मोजतोय."

सत्तावीस वर्षांपूर्वीचं चित्र होतं. शाळेत शिकवणारी जलजा दर वर्षी हा एकच किनारा रंगवत आली होती. पुढच्या आठवड्यात मंगळूरला सगळी चित्रं मांडली जाणार होती. प्रदर्शनाच्या पत्रिकेत 'स्मृतीची अचूक नोंद' असं छापलं होतं, आणि ते तिला आवडलंही होतं. पडवीत ओळीने उभी केलेली चित्रं कुणीतरी पाहिली आणि सकाळीच वनजा आणि गिरिजा गावचे तंटे सोडवणाऱ्या गुरिकारांना घेऊन दारात हजर झाल्या. मागून सात-आठ जणी.

यंदा समुद्राने बरीच वाळू नेली होती. मासे सुकवायला जी उरली, तिच्यात वनजाची जागा कुठे संपते आणि गिरिजाची कुठे सुरू होते, यावरून दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. पूर्वी भजनमंदिरापासून उपड्या होडीपर्यंत वनजा, होडीच्या पलीकडे दगडांच्या बांधापर्यंत गिरिजा. होडी कुजली, चुलीत गेली. भजनमंदिर तेवढं जागेवर होतं.

"होडी अठरा हात होती," गुरिकार म्हणाले. "चित्रात एक वीत. मंदिरापासून होडीपर्यंत दोन विती. म्हणजे छत्तीस हात."

"चाळीस!" वनजा म्हणाली.

"चाळीस म्हणे," गिरिजा म्हणाली. "दर वर्षी वाढते हिची वाळू. समुद्र फक्त माझीच नेतो."

चार हात म्हणजे टोपलीभर बांगडे. रोजचे.

"चित्रात असं मोजता येत नाही," जलजा म्हणाली. "लांबचं लहान दिसतं."

"लहान दिसलं तरी होडी ती होडीच ना, टीचर?" गुरिकारांनी विचारलं.

जलजाने एकदा पत्रिकेकडे पाहिलं. मग म्हणाली, "होडी तिथे नव्हतीच. मी सरकवली. मंदिराच्या बाजूला चित्र रिकामं वाटत होतं."

"ती होडी हलवायला आठ माणसं लागायची," गुरिकार म्हणाले. "तुम्ही एकटीने सरकवलीत?"

बायका खो खो हसल्या. गिरिजाही हसली, तिला हसायला हरकत नव्हती.

"खरंच सांगते आहे. वनजाक्काचं बरोबर आहे. चाळीस हात."

पण वनजा ऐकत नव्हती. ती गुडघे टेकून चित्रासमोर बसली होती. होडीवर एक माणूस जाळं शिवत बसला होता, मान एका बाजूला कलंडलेली.

"हे आमचे," ती म्हणाली.

वनजाचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"असेच बसायचे. मान वाकडी. मी ओरडायचे, सरळ बसा म्हणून."

तो माणूस जलजाने कारवारच्या बसस्टँडवर पाहिला होता. बाकावर झोपलेला. जाळं त्याच्या हातात तिने नंतर दिलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग होडी इथेच होती," वनजा गुरिकारांना म्हणाली. "ते बसलेत म्हटल्यावर होडी असणारच. छत्तीस तर छत्तीस."

"अक्का, मी सांगते ना, मीच..."

"तुम्हाला आठवत नसेल, टीचर. मला आठवतंय."

गुरिकारांनी चष्मा खिशात घातला. निकाल लागला होता. गिरिजा भांडायच्या तयारीने आली होती. तिला आता काय करावं ते कळेना. "उन्हात बसू नकोस फार," एवढंच ती वनजाला म्हणाली आणि बायकांबरोबर निघाली.

वनजा मात्र हलली नाही. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, पदर खोचला.

"यंदाचं चित्र झालं?"

"नाही अजून."

"मग काढाल तेव्हा माझी मासे सुकवायची चटई पार दगडांच्या बांधापर्यंत काढा."

"आणि गिरिजाक्काची?"

"तिला थोडं सरकवा. तुम्हाला जमतं ते." वनजा पायऱ्या उतरू लागली. "घाई नाही. सून धीराची आहे माझी. थांबेल सत्तावीस वर्षं."